पाय वाजला नाही पाहिजे

प्रिय लेका,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश लाव. आणि रागावूनच वाचायचं असेल तर आधी जेवून घे, उपाशीपोटी तू अगदी बापावर जातोस.

परवा टिटवीनं तुला सांगितलं, "बाबा, पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत मी अनवाणी पळणार." तू म्हणालास, "माझ्या घरातलं कोणीही रस्त्यावर अनवाणी दिसणार नाही, विषय संपला," आणि फोन ठेवलास. अरे, संपला कसा? सुरू तरी कुठे झाला होता! पोर रडली नाही हो. तुझीच लेक ती, हनुवटी वर करून बसली आणि दोन घास जास्तच जेवली. तिच्या आईनं शिवणयंत्रावरून नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ असा की तुमचा मुलगा आहे, तुम्हीच बघा. म्हणून बघतेय.

सुरुवात कशी झाली ते ऐक. बूट घालून पळताना तिच्या नडग्या दुखायच्या. कुठल्याशा व्हिडिओत तिनं पाहिलं, अनवाणी पळणारी माणसं पुढच्या पावलावर उतरतात. झालं! बाईसाहेब पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आल्या, टाच म्हणून जमिनीला लावली नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना बसून उतरली, एकेक पायरी, लहानपणी उतरायची तशी. मी हसले, तर फुरंगटली. म्हटलं, "अगं, जमिनीनं तुझ्या टाचेचं काय घोडं मारलंय? पुढचं पाऊल आधी टेकव, पण मागोमाग टाचेलाही टेकू दे की!" म्हणाली, "आजी, तुला पळण्यातलं काय कळतं?"

तिला कुठे ठाऊक होतं? तुला ठाऊक आहे, पण तू कधी सांगितलं नाहीस. मी इस्पितळाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काढली. साबणाच्या पाण्यावर चप्पल सटकायची, म्हणून आम्ही सगळ्याजणी अनवाणी. लिफ्ट रोग्यांसाठी, आम्ही डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन तीन मजले चढायचो. दुपारी रोगी झोपलेले, आणि वरची मोठी नर्स म्हणजे जमदग्नी. "पाय वाजला तर याद राखा," एवढंच म्हणायची. काम तर धावपळीचं, आणि आवाज करायचा नाही! मग पाय आपोआप शिकतात. लांब टांग टाकली की धप्प वाजतं, म्हणून पावलं छोटी आणि भरभर. गुडघा ताठ ठेवला की दणका डोक्यावरल्या गाठोड्यापर्यंत पोचतो, म्हणून तो जरा सैल. पाऊल पुढे फेकायचं नाही, आपल्या अंगाखालीच ठेवायचं. हे मी तिला करून दाखवलं, इथेच, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "आजी, तू गेलीस कधी?"

बाबा रे, त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की झंपराचं बटण तुटायचंच राहिलं.

मग रीतसर सुरू केलं. पहिला आठवडा नुसतं चालणं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं चारदा, आणि एक दिवसाआड. तिला गवतावर पळायचं होतं, मी टपालकचेरीमागचा गुळगुळीत सिमेंटचा रस्ता धरायला लावला. गवतात काय दडलंय दिसत नाही, आणि मऊ जमिनीवर वाकडं पाऊलही खपून जातं. कडक जमीन लगेच कान उपटते. पोटरी ओढली की थांबायचं, तळवा चुरचुरला की थांबायचं, घरी आल्यावर तळपाय धुऊन नीट बघायचे. आता चौथा महिना. ती वीस मिनिटं न थांबता पळते आणि मांजरीइतकाही आवाज नाही. नडग्यांचं नाव नाही. टपालकचेरीचा रखवालदार पाठमोरा उभा असतो, ती बाजूनं गेली की दचकतो आणि रोज नव्यानं दचकतो.

आमच्या पोटऱ्याही आता दगडासारख्या झाल्यात.

हं, "आमच्या" लिहून गेले. खोडत नाही आता, शाई वाया जाते. पोरीला एकटी कशी पाठवायची म्हणून मी बाकावर बसायला जायचे. चार दिवस बसले. पाचव्या दिवशी बाकच टोचायला लागला. सूनबाईनं आधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी छाती तपासली, बीपी पाहिलं आणि म्हणाल्या, "बेतानं पळा, पण पळा." माझ्यात एकच खोड निघाली. मान ताठ, आणि उजवा हात सारखा कानाच्या वर! टिटवी मागून ओरडली, "आजी, डोक्यावर गाठोडं नाहीये, हात सोड!" तो हात खाली यायला तीन आठवडे लागले बघ. एकदा रखवालदारानं विचारलं, "आजी, कोण मागे लागलंय?" म्हटलं, "वय लागलंय, म्हणून तर पुढे पळतेय."

तू का चिडलास ते मला कळतं. तू सहावीत असताना मी कामावरून तशीच तुझ्या शाळेत आले, पायाला साबणाचा पांढरा थर. तू म्हणालास, "आई, तू फाटकाबाहेरच थांब." मी थांबले. पहिल्या पगारात तू मला बूट आणलेस आणि स्वतः नाड्या बांधून दिल्यास. तेव्हा तू काय फेडत होतास हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही. पण लेका, मला त्या पायांची लाज कधीच नव्हती. तुझी फी त्यांनीच भरली. तू इंजिनं दुरुस्त करतोस ना, मग चांगलं चालणारं यंत्र कोणी झाकून ठेवतं का?

सोबत एक फॉर्म आहे. टिटवीचा नाही, त्याच्यावर तिच्या आईनं केव्हाच सही केलीय, आणि तुझं "कोणीही नाही" तिनं कापून टाकलेल्या चिंधीसारखं बाजूला ठेवलंय. हा माझा आहे, तीन किलोमीटरचा. सत्तरीपुढच्यांसाठी घरच्या माणसाची संमती लागते. सूनबाई म्हणाली मी करते सही, मीच नको म्हटलं. मला तुझी हवी. खाली "धावणाऱ्याशी नातं" अशी एक रेघ आहे. बाकी सगळं मी भरलंय, तेवढी कोरी ठेवलीय. ती तू तुझ्या हातानं भर, आणि फॉर्म टपालानं पाठवू नकोस. घेऊनच ये.

वाट बघणारी, तुझीच,
आई