फोन मला नको, कक्षाला लावा

४ फेब्रुवारी, मंगळवार

फाइल परत आली! पुन्हा! या वेळी शेरा लाल शाईत — ‘कॉलसंख्या अत्यल्प. केंद्राची आवश्यकता तपासावी.’ आवश्यकता तपासावी म्हणे. सकाळपासून जोतीरामला ॲम्ब्युलन्समधून उतरून चहा प्यायला मिळालेला नाही आणि हे आवश्यकता तपासतायत!

मार्चअखेर अनुदान संपतं. पुढचं मिळालं नाही तर राजारामपुरीतला आमचा मदत कक्ष बंद. मग इथला माणूस अडचणीत फोन करणार आणि तो वाजणार कुठल्या तरी लांबच्या शहरात. तिथल्या पोरीला ‘सूतगिरणीच्या मागं, म्हसोबाच्या अलीकडं’ म्हटलं तर काय कळणार? साहेबांना हेच सांगितलं. म्हणाले, “मॅडम, भावना समजतात. पण फाइलीला आकडा लागतो.”

गाड्या दिवसभर पळतात, मग फोन कमी कसे? डोकं चालत नाही. जेवण गेलं नाही. अनेकांत म्हणाला, “तू आणि तुझा कक्ष!” नवऱ्यांना काय जातं म्हणायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं!

जोतीरामबरोबर कागलच्या एमआयडीसीत गेले होते. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, हात धुवायच्या नळावरच्या भिंतीवर, ऑइलपेंटनं लिहिलंय — ‘अपघात झाल्यास जोतीरामदादा’, आणि खाली त्याचा मोबाइल नंबर. शेजारी आमच्या कक्षाचं स्टिकर. त्यावर कुणीतरी कॅलेंडर लटकवलेलं!

सुपरवायझरला विचारलं, कक्षाला का नाही लावत? “त्यो नंबर कुनाचा हाय काय म्हाईत, म्याडम. दादाला लावला की दादा येतोय की.”

इचलकरंजीत तीच तऱ्हा. यंत्रमागावरच्या परप्रांतीय पोरांकडे सम्राटचा नंबर, कारण तो हिंदी बोलतो. सीमेकडच्या गावांत मल्लव्वाचा, कारण ती कानडीत धीर देते. दोघं कक्षात फोन घ्यायला बसतात आणि फोन येतात त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर! गाडी जाते, माणूस वाचतो, आणि कक्षाच्या खात्यात काहीच नाही. गाडीच्या फेऱ्या दुसऱ्या विभागात मोजतात, आमचे फक्त फोन.

आपल्याकडे साधा दाखला काढायचा तरी आधी ‘तिथं ओळखीचं कोण हाय का’ बघतात. जीव वाचवायला अनोळखी नंबर कोण लावणार?

आणि मी तरी काय वेगळी! गेल्या महावीर जयंतीला समाजाच्या कार्यक्रमात कक्षाची कार्डं वाटली, आणि प्रत्येकाच्या मागे स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. “काही लागलं तर थेट मला लावा हं!” मोठी दानशूर.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्यांना बसवून सांगितलं. सोमवारपासून स्वतःच्या मोबाइलवर कुणाचा निरोप घ्यायचा नाही. भिंतीवरची नावं पुसायची. फोन कक्षालाच.

जोतीराम भडकला. “म्याडम, हितं मानूस मरायला लागलाय आनि मी त्येला म्हनू, आदी कक्षाला लाव, मग कक्ष मला लावंल?”

“कक्षच राहिला नाही तर तुझी गाडी तरी राहील का?” एवढंच म्हटलं. तो किल्ली बोटावर फिरवत उभा राहिला. “तुमचं बी खरंच हाय म्हना,” म्हणाला. पण चहाला न थांबताच गेला.

चुकतंय का माझं? नाही. दुसरा रस्ताच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटेच मामांचा फोन. सासरे म्हणजे आमच्या घरातला चालता-बोलता आपत्कालीन विभाग! शिरोळकडच्या गावात दोघंच असतात, ते आणि सासूबाई, आमच्या आत्ती, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मला कळवतात. गोठ्यात नाग निघाला. आत्तींचा चष्मा सापडत नाही. आज काय, तर शेजारचा बाळू शिडीवरून पडला, पाय सुजलाय, गाडी पाठव.

म्हटलं, “मामा, कक्षाला लावा.”

“घरची पोरगी असताना परक्याला कशाला सांगायचं?”

इथे माझा तोल गेला. रात्रभर झोप नव्हती, आकड्यासाठी साहेबांचा निरोप, वर हे. म्हटलं, “उद्या तुमच्या छातीत कळ आली ना, तरी मला लावायचा नाही! कक्षालाच लावायचा! माझ्याच घरचे ऐकत नाहीत तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?”

मग म्हणाले, “बरं बाई. तुझी नोकरी हाय. न्हाय लावत.”

संध्याकाळी पाहिलं तर बाळूसाठी त्यांनी खरंच कक्षाला फोन केला होता. मल्लव्वा हसत सांगत होती — फोन उचलल्यावर आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग गाव, मग “मी रोहिणीचा सासरा, पर तिला सांगू नगा.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मामांचा फोन नाही. बरं वाटलं. नाही, खरं तर चुकल्यासारखं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन वाढतायत. पण मुंगीच्या पावलानं. साहेबांनी विचारलं, “एवढ्यावर कसं भागणार?” सम्राट म्हणाला, “म्याडम, माझ्यावर सोडा. आमच्या तालमीत विषय काढतो.”

काढ म्हटलं. माणसांना नंबर पाठ झाला तर वाईट काय?

३ मार्च, सोमवार

सम्राटनं कसला विषय काढला देव जाणे! दुपारपासून असे फोन —

“पावणं, काय न्हाय, नुसता लावलाय. तुमचं हापिस बंद पडतंय म्हनं? पडू देत न्हाय आमी!”

“म्याडम, जेवलासा काय?”

एका आजींनी विचारलं, फोन केला की सरकार पैसे कापतं का. नाही म्हटल्यावर निवांत सुनेची गाऱ्हाणी सांगत बसल्या. मल्लव्वा कपाळाला हात लावून बसली होती. मी मात्र हसून हसून बेजार. किती दिवसांनी हसले!

६ मार्च, गुरुवार

आता पेठापेठांत लागलीय! एका पेठेच्या पोरांनी विचारलं, “त्यांचं किती झालं? आमचं किती?” फुटबॉलच्या मॅचसारखं. कुणीतरी चौकात फलक लावलाय — ‘आपला कक्ष, आपला नंबर, रविवारी सर्वांनी एकदा तरी फोन लावा.’ खाली मंडळाचं नाव, अध्यक्षाचा गॉगल घातलेला फोटो. कोल्हापूरकरांना काम सांगावं, पण कसं करायचं ते सांगायला विसरू नये.

मल्लव्वा दारात अडवून म्हणाली, “म्याडम, लाईनी तीनच हाईत. खरा कोन अडकला तर?”

बरोबर बोलली. रविवारनंतर बंद करायला सांगते. मंजुरीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. एवढा एक रविवार जाऊ दे.

९ मार्च, रविवार

काय दिवस! सकाळपासून तिन्ही लाइनी तापलेल्या. ठेवला की वाजला, ठेवला की वाजला. “चालू द्या!” “वाघासारखं बसा म्याडम!” एका पोरानं फोनवर हलगी वाजवून दाखवली. सम्राट टेबलावर थाप मारून ओरडत होता. एकदा वाटलं, थांबवावं. रिसीव्हर हातात घेतला, पण बोलायला कुणाशी? तोवर दुसरा वाजला.

एवढे फोन कक्षानं आजवर पाहिले नव्हते. घरी आले तेव्हा कान बधिर झाले होते. उद्या सकाळी पहिलं काम, तालमींना फोन करून हे थांबवायचं. आज मात्र झोप लागेल असं वाटतंय.

१० मार्च, सोमवार

मामा इस्पितळात. काल दुपारीच. आम्हाला कळलं आज पहाटे. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही.

११ मार्च, मंगळवार

शेजारच्यांच्या टेम्पोत आणलं त्यांना. उसाच्या पाचटावर आडवं घालून! डॉक्टर म्हणाले, “वेळ फार गेला. लवकर आणलं असतं तर इतकं झालं नसतं.” आमच्या कक्षाची गाडी त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. ती रविवारी दिवसभर जागची हलली नव्हती. जोतीरामनं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आत्ती काही बोलतच नाहीत. पदर तोंडाला लावून बसून आहेत.

१३ मार्च, गुरुवार

राग येतोय. आजारी माणसाचा राग करू नये, कळतं, तरी येतोय. हट्टी! अंगावर काढत बसले असतील. ‘थोडं पडतो, बरं वाटंल.’ साप निघाला तर फोन, चष्मा हरवला तर फोन, आणि हात-पाय गेले तेव्हा ना कक्षाला ना मला! एक फोन करायचा होता, मामा. एक.

आज त्यांच्या उशाशी बसून हेच बोलले. मोठ्यानं. ते बघत राहिले. डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी आणखीच रडले, आणि आणखीच चिडले.

१८ मार्च, मंगळवार

तालमींचे फोन थांबलेत. मीच थांबवले. रोज सकाळी जाग येते आणि मी मोबाइल हातात धरून बसते. वाजत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मंजुरी आली! पुढच्या तीन वर्षांची!

पत्रात लिहिलंय — ‘दिनांक ९ मार्च रोजी नोंदवला गेलेला विक्रमी प्रतिसाद पाहता, नागरिकांना सदर केंद्राची नितांत आवश्यकता असल्याचे दिसून येते.’ सम्राटनं खाली फटाके लावले. साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. मल्लव्वा पत्र वाचून आत निघून गेली. तिला एवढं काय झालं कळेना.

उद्या पेढे घेऊन इस्पितळात जाते. मामांना सांगते, तुमच्या सुनेची नोकरी राहिली म्हणून. तेवढंच हसतील.

२२ मार्च, शनिवार

आत्तींच्या हातावर पेढा ठेवताना मी मामांना पुन्हा तेच बोलले — “एक फोन केला असता तर!” आत्तींनी पेढा खाली ठेवला.

“नगं बोलूस त्यास्नी. तुला सांगू नगं म्हनून हातानं खुनावत्यात, म्हनून गप हुते मी. लावत हुते की फोन. तुज्या त्याच नंबरला. परत परत. सारका एंगेज. जीभ जड व्हायला लागली तरी लावत हुते. मी म्हटलं, अवो, रोहिणीला लावा. तर म्हनाले, न्हाय, तिनं मला नको म्हटलंय.”