शून्यांनी भरलेली मेमरी

डिचोली, १२ ऑगस्ट

प्रिय रुद्रेश,

तू मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतोस, असं तुझ्या समीक्षाताईकडून कळलं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधताना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाबरणारा तू पठारावरची वळणं घेतोस, हे ऐकून आधी हसू आलं.

पाळी गावाजवळच्या खाणीत पाणी चढलं की भोंगा वाजवायचा, एवढंच आपलं यंत्र. त्याची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम तू लिहिलीस. खरी चिप यायला दोन महिने होते, म्हणून तिचा प्रोसेसर मी लॅपटॉपवर नुसत्या प्रोग्रॅमने उभा केला. उंटावरून शेळ्या हाकतोस, असं तू चिडवायचास. खाणीच्या तळाशी पंपावर असणारे शांतारामकाका लॅपटॉपवरचा भोंगा ऐकायला मुद्दाम यायचे. "तुमचो भोंगो वाजलो की मी वर येतलंय," म्हणायचे.

खरी चिप आठवडाभर नीट चालली. मग खाणीचा बांध फुटला त्या दिवशी वीज जाऊन आली, यंत्र पुन्हा सुरू होताना अडकलं आणि भोंगा गप्प राहिला. काका वर आले नाहीत. मेमरीतली एक जागा तू सुरुवातीला पुसली नव्हतीस, चालू होताना खऱ्या चिपमध्ये तिथे कसलेही निरर्थक आकडे, नुसता कचरा असतो, असं चौकशीत निघालं. तू मान खाली घातलीस आणि त्यानंतर कीबोर्डला हात लावला नाहीस.

तो लॅपटॉप मी टाकलेला नाही. रोज दुपारी तो प्रोसेसर चालू करतो, त्यात खोटंच पाणी चढवतो. भोंगा वाजतो, एकदाही चुकत नाही. मग मी दाराकडे बघत बसतो. काका येतील असं वाटतं, आणि मला भीती वाटते रे.

आता ऐक. माझ्या प्रोसेसरच्या मेमरीत मीही आधी कचराच भरला होता, खऱ्यासारखा. खाणवाल्यांना दाखवायच्या आदल्या दिवशी तुझी सिस्टीम त्यावर अडकली. तू पेडण्याला गेला होतास. चूक माझ्याच प्रोसेसरची असणार असं समजून मला लाज वाटली, आणि मी सगळीकडे शून्यं भरून टाकली. सगळं सुरळीत चाललं. म्हणजे तुझी चूक आधीच समोर आली होती, मी ती झाकली. चौकशीत मला ते कळलं, तरी मी गप्प बसलो. काकांच्या घरी, शेवंतीकाकींच्या दारात तू एकटा माफी मागत होतास, तेव्हा मी रस्त्यावर मोटरसायकल चालूच ठेवून थांबलो होतो. येत्या रविवारी त्याच दारात मी जाणार आहे. त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं.

तुझाच, अजून तसं म्हणू देशील तर,
प्रज्योत