संयम दिनाचं घोषणापत्र

३ फेब्रुवारी
भाषणाची सुरुवात ठरली. "एल्म फोर्कच्या नागरिकहो! या गावात पिकलबॉलच्या खेळाला दिवस आहे, भोपळ्याच्या केकला आख्खा आठवडा आहे. शांत माणसाला काय आहे?" आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जोरात. आरसा नवा आणावा लागेल.

बायको, लोर्ना, ख्रिसमसनंतर मुलीकडे राहायला गेली ती तिथेच. फोनवर म्हणते, "वेंडेल, तुझा राग अख्ख्या गावाला ठाऊक आहे." ठीक. मग गावच लिहून देईल. नगर परिषदेकडून संयम जागृती दिन जाहीर करून घ्यायचा, महापौरबाईंच्या हातून घोषणापत्राची फ्रेम घ्यायची, लोर्नासमोर धरायची. येईलच परत.

५ फेब्रुवारी
संकल्प: कुणावरही हात उचलायचा नाही.
शेजारच्या पेल्झरने यंत्राने स्वतःच्या दारातला बर्फ माझ्या दारात उडवला आणि कामावर गेला. हात उचलला नाही. फावडं उचललं. त्याची टपालपेटी तशीही वाकडीच होती.

६ फेब्रुवारी
पेल्झर विचारत होता, माझी पेटी कुणी फोडली रे? म्हटलं, गावात संयमच उरला नाही बघ. त्याला पटलं.

११ फेब्रुवारी
संयमावरची ग्रीकांची सगळी पुस्तकं वाचून झाली. ग्रंथपाल म्हणाली, एक तुम्ही फाडलंत. खोटं. शेवट पटला नाही म्हणून वेगळा काढला.

१७ फेब्रुवारी
नगर परिषदेत गेलो. कारकून बाई म्हणाल्या, मसुदा मागणाऱ्यानेच लिहायचा, महापौर वाचतात. मी विचारलं, आधी कुणी तपासत नाही? तर म्हणे, "तपासत बसलो तर नुसते पिकलबॉलवाल्यांचे मसुदेच उन्हाळ्यापर्यंत पुरतील, मिस्टर स्ट्राका."
उत्तम. पोकळ शब्द लिहिणार नाही. दाखले देणार.

३ मार्च, संध्याकाळ
सभागृह भरलेलं. पोलीसप्रमुख नेहमीसारखे भिंतीला टेकून. शेवटच्या रांगेत लोर्ना! कोट न काढता.
महापौरबाई त्यांच्या झोपाळू आवाजात वाचू लागल्या. "ज्याअर्थी वेंडेल स्ट्राका यांनी शेजाऱ्याची टपालपेटी फोडली, परंतु शेजाऱ्याचं डोकं फोडलं नाही, आणि ज्याअर्थी त्यांनी पुस्तक फाडलं, परंतु ग्रंथपालास सोडून दिलं, आणि ज्याअर्थी ख्रिसमसच्या रात्री त्यांची मूठ पत्नीच्या डोक्याशेजारच्या भिंतीत गेली, केवळ भिंतीतच गेली..."
इथे बाईंनी चष्मा पुसला आणि उरलेलं, दिवस जाहीर करण्यासकट, एका दमात वाचून टाकलं. टाळ्या नाहीत. लोक भारावले असावेत.
मग पेल्झर उठून पुढे आला. "म्हणजे तूच होतास, हरामखोरा!" मी त्याला संयम समजावायला गेलो. तो खाली वाकला. त्याच्या मागचं भाषणाचं टेबल भक्कम ओक लाकडाचं होतं. हाड मोडल्याचा आवाज माइकने मागच्या रांगेपर्यंत पोचवला.
पोलीसप्रमुखांनी मला मागून कवेत घेतलं. तेवढ्यात लोर्ना पुढे आली आणि हात पुढे करून तिने फ्रेम घेतली! माझं काळीज भरून आलं. ती महापौरबाईंना म्हणाली, "यावर गावाचा शिक्का आहे ना? माझा वकील विचारत होता, लेखी पुरावा काही आहे का."

४ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. न्यायाधीशांपुढे दहाला उभं राहायचंय. पण दिवस जाहीर झाला, हे कुणी नाकारू शकत नाही.
घरात आवाज नाही. भिंतीतलं भोक मुठीएवढंच आहे. लोर्नाच्या उंचीला.
साडेनऊ.
एल्म फोर्कच्या नागरिकहो! एका हाताने बुटाची नाडी बांधता येत नाही. कुणीतरी एक जण या आणि बांधून द्या. पेल्झर, तू जवळ आहेस. तू आलास तरी चालेल.