हरणाबाईचे चार फोटो

ती. दाजींना मल्लिनाथचा जळकोटहून साष्टांग नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं अक्काकडून कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतोय. अक्काला म्हणावं, गुडघ्याचं तेल सोडू नकोस. इकडं सगळं क्षेम आहे, माझी अब्रू तेवढी थोडी गेली.

झालं असं की आमच्या थोरल्या लेकीला, भुवनेश्वरीला, मोबाइलवर फोटोग्राफी करायची आहे. हौस म्हणून नव्हे, मन लावून. मी म्हणालो, मोबाइलला कॅमेरा म्हणणं म्हणजे शेळीला म्हैस म्हणणं. (दूध दोघी देतात, असं तिनं लगेच सुनावलं.) शेवटी ठरलं की तुळजापूरच्या दुकानात मीच पारख करायची, आणि ज्यात मला खोट सापडणार नाही तो तिनं घ्यायचा. तीस वर्षं तुमच्या हाताखाली स्टुडिओत घालवलेला माणूस मी. लग्नातला कोट घालून गेलो.

दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगायला लागला. मी त्याला थांबवलं आणि तुमची परीक्षा लावली : पांढऱ्यात पांढरं दिसतं का, काळ्यात काळं दिसतं का, डोळ्यात उजेडाचा ठिपका पडतो का. समोर कवड्यांच्या माळा विकणारी हरणाबाई बसली होती. सत्तरीची, काळं लुगडं, चेहरा म्हणजे नांगरलेलं रान. तिलाच बसवलं. पहिल्या मोबाइलनं तिच्या सगळ्या सुरकुत्या गिलावा केल्यासारख्या बुजवल्या. दुसऱ्यानं लुगड्याचा नुसता काळा डाग केला. तिसऱ्यात कवड्यांचा चुना झाला. चौथ्यात मात्र कवडीची रेघ, लुगड्याचा धागा, कपाळाची आठी, सगळं जागच्या जागी. दाजी, मला एकदम आपली डार्करूम आठवली. तो लाल दिवा, ट्रेमधल्या कागदावर हळूहळू उमटणारा चेहरा, आणि श्वास रोखून तुम्ही म्हणायचात ते “आला”. मीही भर दुकानात “आला” म्हणालो. (गिऱ्हाइकं दाराकडं बघायला लागली.)

मोठ्या तोऱ्यात तो फोटो हरणाबाईला दाखवला. तिनं पाहिला आणि मोबाइल परत दिला. “लई म्हातारी काढलीस रं,” म्हणाली. मग पहिला फोटो मागितला, तो मात्र हातातून सोडीना.

“ही आमची गंगू हाय. धाकटी बहीण. जाऊन चाळीस वर्सं झाली. तिचा फोटू कुणी काढलाच न्हाय.”

तो फोटो खोटा आहे, यंत्रानं चेहरा पुसलाय, हे मी तिला समजावून सांगणार होतो. तेवढ्यात तुमची पेन्सिल डोळ्यांपुढं आली. देवीचे व्रण असलेल्या नवरीची निगेटिव्ह खिडकीशी धरून तुम्ही टोकदार शिशानं एकेक व्रण भरून काढायचात, आणि त्याला कला म्हणत मीच गावभर मिरवायचो. शेजारच्या दुकानातून तो फोटो छापून आणून तिला दिला. तिनं एक माळ माझ्या कोटावर घातली.

भुवीनं चौथा मोबाइल घेतला. वाटेत तिनं विचारलं, मग पहिला वाईट होता का? मी म्हणालो, चल, बस सुटेल.

तुमचा,
मल्लिनाथ

ता. क. : या मोबाइलनं जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरून टिपली की काळ्याचं पांढरं होऊन चेहरा सरळ दिसतो म्हणे. स्टुडिओ मोडला त्या दिवशी मी रागात म्हणालो होतो की निगेटिव्हची पेटी भंगारात घाला. तुम्ही ती घातली नाही, तुमच्या भूम गावच्या घरी पलंगाखाली ठेवली आहे, हे अक्कानं कधीच सांगितलंय. (तिच्यावर रागावू नका.) तीत आमच्या आईची एकुलती एक निगेटिव्ह आहे. मला ती पाहिजे.

आणखी एक : पेटी पार्सलनं पाठवू नका. आपल्याला एकमेकांशी बोलून नऊ वर्षं झाली, चूक माझी होती. तुम्हीच घेऊन या. कोणती एसटी ते कळवा, मी जळकोटच्या थांब्यावर तासभर आधीच येऊन बसतो.