जळगावातली सर्व्हिसिंग

॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर
३ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास कुंदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. भाऊबीजेला तू याही वर्षी आला नाहीस. ओवाळायचं ताट संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं, शेवटी चंद्राला ओवाळून उठले. फोन केला तर नेहमीसारखं "बठ्ठं बरं शे", सगळं ठीक आहे, एवढंच म्हणालास आणि फोन भिकुबाईच्या हातात दिलास. बायकोला पुढं करायची तुझी सवय काही जात नाही. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणून आपलं जुनं पत्रच बरं. शाळेतून निवृत्त झाले तरी हाताची लिहायची सवय सुटलेली नाही.

आता कामाचं. तू गाडी विकतो आहेस असं तुझ्या स्वप्नीलकडून कळलं. तेव्हापासून मला चैन नाही. नवी घेतलीस तेव्हा सकाळ-संध्याकाळ फडकं घेऊन तिच्याभोवती फिरायचास. भिकुबाई म्हणायची, एवढी निगा माझी राखली असती तर गुडघे दुखले नसते. ती गाडी एकाएकी का विकायची? तब्येत बरी आहे ना?

आमच्या योगराजला गाडी हवीच आहे. केळीच्या बागा बघत त्याला पार रावेरपर्यंत फिरावं लागतं, मोटारसायकलवर पाठ मोडते. मामाची गाडी म्हटल्यावर हरखला, आणि पुढच्याच दमात म्हणाला की आधी सर्व्हिस हिस्ट्री बघू. मी त्याला चांगलाच झाडला. मामाकडे असलं काही मागतात का? तर म्हणे, मागची पिकअपही ओळखीच्याचीच होती, इंजिन महिनाभरात बसलं. आता बापाची गाडी असली तरी तपासूनच घेईन. पोराचं चुकत नाही, पण मला लाज वाटते. तू मनाला लावून घेऊ नकोस. बिलं असतील तर पाठव, नसतील तर सर्व्हिसिंग कुठे करायचास एवढं कळव.

सौ. भिकुबाई, स्वप्नील आणि सूनबाई रूपा यांना आशीर्वाद. लोभ आहे म्हणतोस, तर तो उत्तरातून दिसू दे.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥
शिंदखेडा
१० नोव्हेंबर २०२५

ती. अक्का हिस सुकदेवचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. हल्ली बोटं आखडतात, म्हणून हे रूपाकडून लिहवून घेतो आहे. तिचं अक्षर तुझ्या तपासणीत पास व्हावं.

योगराजला सांग, मामाला राग आला नाही. पण गाडी घरची आहे, माझ्याशिवाय कोणाचा हात तिला लागलेला नाही, ऑईल कधी चुकवलं नाही. बिलं घराला रंग देताना कुठं गेली कोण जाणे. आणि सर्व्हिसिंग कुठे केली हे कळून काय करायचं? त्यानं यावं, चालवून बघावी, पसंत पडली तर न्यावी. भाच्याशी भाव करायला मला जमणार नाही.

विकायचं कारण मोठं नाही. स्वप्नील नरडाण्याला कंपनीच्या बसनं जातो, गाडी दारात नुसती उभी असते. मलाही आता फिरायची हौस राहिली नाही. भाऊबीजेला कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती, नाहीतर आलो असतो. पुढच्या वर्षी नक्की येतो.

तू बी.पी.ची गोळी चुकवू नकोस. आणि उगाच तर्क करत बसू नकोस, तुझा तो जुना रोग आहे. भिकुबाई तुला नमस्कार सांगते. धाकट्या भावावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
सुकदेव


॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास आशीर्वाद. लिहायचे म्हणून लिहिले आहेत, मी रागात आहे.

वि. वि. योगराजचा एक मित्र, अभिमन, जळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला आहे. योगराजनं त्याला तुझ्या गाडीचा नंबर दिला आणि धुळ्याच्या सेंटरला विचारून बघ म्हणून सांगितलं. अभिमननं नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि हसायलाच लागला. म्हणाला, धुळ्याला कशाला विचारू, ही गाडी दोन वर्षांपासून आमच्याकडेच येते.

गाडीत खोट नाही. किलोमीटर खरे, ऑईल वेळेवर, इंजिन ठणठणीत. पहिल्या वर्षी डावा आरसा दोनदा बदललाय आणि बंपर रंगवलाय, पुढे ओरखडासुद्धा नाही. योगराज खूश होऊन घरी आला, आणि मी वाढलेल्या ताटावरून तशीच उठले.

सुकदेव, धुळं तुझ्या जवळ. ते सोडून तू गाडी जळगावला आणत होतास. तिथून माझं घर तासाभराच्या रस्त्यावर. म्हणजे दोन वर्षं तू इतक्या जवळ येऊन परत जात होतास, आणि मला कापूस वेचायच्या गोष्टी सांगत होतास! माझं चुकलं तरी काय? योगराजच्या लग्नात तुमच्या मानपानात काही कमी पडलं का? की मी भिकुबाईला काही लागेल असं बोलून गेले? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. चहा ठेवते आणि उतू घालवते. स्वप्नीलला फोन केला तर तो म्हणाला, आत्या, बाबांनाच विचारा, आणि फोन ठेवून दिला.

मला आता गाडीचं काही सांगू नकोस. तुला बहीण हवी आहे की नको, ते सांग. हवी असेल तर खरं काय ते लिही. आणि रूपा, तू हे त्याला वाचून दाखवत असशील तर एवढं ऐक, आत्तेसासूला फसवायचं पाप तू करू नकोस.

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरानंतर.

अक्का


॥ श्री ॥
शिंदखेडा
२५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का हिस सुकदेवचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. रूपानं तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, बाबा, आता मी खोटं लिहिणार नाही. तेव्हा खरं सांगतो.

माझी बोटं चांगली आहेत. डोळे गेलेत. पुरते नाही, पण मधलं दिसत नाही. समोर माणूस आला की खांदे कळतात, साडीचा काठ कळतो, आणि तोंडाच्या जागी धूर. जळगावच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शनं घेतो. तिथं सगळा दिवस मोडतो, मग सर्व्हिसिंगची वेळ आली असली की स्वप्नील तेवढ्यात गाडी तिथं टाकतो, एका फेरीत दोन कामं होतात. पहिल्या वर्षी मीच चालवायचो. ते आरसे तेव्हाचे. मग एकदा नरडाणा फाट्यावर एका सायकलवाल्याला घासून गेलो. त्याला लागलं नाही. त्या दिवसापासून किल्ली स्वप्नीलकडे आहे. गाडी दारात असली की माणसं म्हणतात, सुकदेवभाऊ, काढा की गाडी. रोज नवी सबब कुठून आणू? म्हणून ती जायला हवी.

तुझं काहीच चुकलं नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुझ्यापुढं असा चाचपडत येऊन उभं राहायची मला शरम वाटली.

पण मी आलोच नाही असं नाही, अक्का. गेल्या उन्हाळ्यात तपासणी लवकर उरकली आणि मला राहवेना. स्वप्नीलला म्हटलं, मुक्ताईनगरला चल. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाचा मांडव होता, गाडी आत जाईना. मी उतरून एकटाच आलो. तुझ्या ओट्यावर चार-पाच बाया माना खाली घालून पापड लाटत होत्या. मांडवात डीजे असा दणाणत होता की आवाजावरूनही काही कळेना. मी समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. त्यातली तू कोणती ते मला कळलं नाही. पुढं होऊन भलतीच्याच पाया पडलो असतो तर तू तिथंच कोसळली असतीस. मागं फिरलो आणि स्वप्नीलला सांगितलं की अक्का घरी नव्हती.

हे लिहिताना रूपा मध्येच उठून गेली होती, आता परत बसली आहे. पुढचं इंजेक्शन पाच डिसेंबरला आहे. राग धर, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
सुकदेव


॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥
मुक्ताईनगर
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. रडून झालं. जेवलेसुद्धा, हवं तर योगराजला विचार. लोभ विचारशील तर तो इतका आहे की तू समोर असतास तर आधी एक थोबाडीत दिली असती.

त्या दिवशी पापड लाटणाऱ्यांत मी होतेच. तू समोर भिंतीशी उभा होतास आणि माझे डोळे शाबूत असून मलाही तू दिसला नाहीस. तेव्हा शरमेची गोष्ट पुन्हा काढायची नाही.

गाडी योगराजच घेतो आहे. चार तारखेला तो तुमच्याकडे मुक्कामाला येईल आणि पाचला तुला तिच्यातूनच जळगावला आणील. तिथून सरळ माझ्याकडे यायचं. भिकुबाईलाही घेऊन ये. भाऊबीज टळून गेली असली तरी ओवाळायला मला पंचांग लागत नाही. यापुढच्या तारखांनाही मुक्काम इथंच.

मी सकाळच्या यष्टीनं आधीच दवाखान्यात येऊन बसते. तिथं बायांची गर्दी असेल. तू शोधत बसू नकोस. दारातूनच मोठ्यानं अक्का म्हणून हाक मार. जी उठून धावत येईल, ती मी.

तुझी,
अक्का