लुआरकाठचे दोनशे दहा मैल

५ मार्च २००६, रविवार, सकाळी ११
ठरलं. सप्टेंबरमध्ये फ्रान्स. लुआर नदीच्या काठाकाठाने, ऑर्लिआँ ते नाँत, दोनशे दहा मैल, नऊ दिवस, सायकलवर. मी आणि शुभा. १२ सप्टेंबरला लग्नाला दहा वर्षं होतील. हनीमून राहून गेला, कारण लग्नानंतर चौथ्याच दिवशी कंपनीने बंगलोरला बोलावलं. पुढे उटी ठरलं, अमेरिकेत आल्यावर हवाई, मग यलोस्टोन. तिन्ही वेळा नेमकं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. तिन्ही वेळा कॅन्सल मीच केलं, पण कारणं जेन्युइन होती.

शुभा म्हणाली, बघ हं उल्हास, या वेळी कॅन्सल केलंस तर मी एकटी जाईन. मी हसलो. तिला सायकलच येत नाही. नागपूरला वडिलांनी थेट लूना घेऊन दिली होती.

मी पुण्याचा. सायकल माझ्या रक्तात आहे. शेवटची चालवली १९९१ साली, पण रक्त थोडंच बदलतं?

११ मार्च
सायकली आल्या. माझी नवी, कार्बन फ्रेमची, एका बोटाने उचलता येते. (उचलून दाखवली. बोट अजून दुखतंय.) शुभाची जुनी, पद्मिनीताईंकडून घेतलेली. पद्मिनीताई इथे जवळच, क्युपर्टिनोला राहतात, लायब्ररीतून रिटायर झाल्या, वय एकसष्ट, डावा गुडघा बदललेला. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सायकल सांगितली म्हणून त्यांनी नवीन घेतली आणि जुनी आम्हाला दिली.

हेल्मेट, ग्लोव्ह्ज, गॉगल, आणि मागे गादी शिवलेली शॉर्ट्स घेतली. शॉर्ट्स घालून आरशात पाहिलं. लगेच काढली. ती फ्रान्समध्येच घालू, तिथे ओळखीचं कोणी नसेल.

१९ मार्च
ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शुभाला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळत होतो. पाचव्या मिनिटाला सोडली. शिकवायची हीच पद्धत आहे. दमही लागला होता, पण तो निव्वळ योगायोग. मी फुटपाथवर बसलो. शुभा लॉटला चकरा मारत राहिली. चौदा झाल्या. उत्तम शिक्षक असला की असं होतं.

२ एप्रिल
ट्रेनिंगचा प्लॅन एक्सेलमध्ये तयार. सव्वीस आठवडे, आठवड्याला एक ओळ, चढत जाणारे मैल. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे राहिलं. प्लॅन करण्यात तीन वीकेंड गेले, त्यामुळे पहिल्या तीन ओळी लाल आहेत. उद्या पहाटे पाचपासून सुरुवात.

३ एप्रिल
नाही जमलं. पहाटे अंधार असतो.

१६ एप्रिल, रविवार
लॉस गॅटोसचा ट्रेल. ठरवलेले मैल आठ, झाले तीन. समोरून वारा. येतानाही समोरूनच. हवामानाचा हा प्रकार मी पुण्यात कधी पाहिला नाही.

शुभा बरीच पुढे होती. मी मुद्दाम मागे राहतो. नवशिक्याच्या मागे अनुभवी माणूस हवा.

२ मे
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ईमेल ग्रुपवर सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नवीन मुलाने व्हिसाबद्दल विचारलं. मी सविस्तर उत्तर लिहिलं, दीड पान. इथली व्हिसाची माहिती माझ्याइतकी कोणाला नाही. मुद्दा साधा आहे. मुदतवाढीचा कागद वेगळा, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. कागदावर इथे राहता येतं. पण एकदा बाहेर गेलं की आत यायला चालू मुदतीचा शिक्का लागतो. शिक्का संपलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकणं हा शुद्ध बावळटपणा, असं शेवटी लिहिलं. सात जणांनी आभार मानले.

उत्तर लिहिण्यात सायकल राहिली.

२८ मे
स्टीव्हन्स क्रीकच्या धरणाचा चढ. पाव मैलावर चेन पडली. बसवली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली नाही, पण पडेल असं वाटलं म्हणून उतरलो आणि चालत गेलो. पद्मिनीताई शेजारून वर निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, उल्हास, गिअर हलका कर रे बाळा. मी म्हटलं, मी मुद्दाम जड ठेवतो, स्ट्रेंग्थसाठी. त्या आणि शुभा वर पोचून केळी खात बसल्या होत्या. माझं केळं ठेवलं होतं.

त्या दोघी आता दर शनिवारी जातात. मला एकट्याने करायला आवडतं.

१७ जून
शुभा ऑफिसला सायकलने जायला लागली. जाऊन-येऊन बारा मैल. मी समजावलं, ओव्हरट्रेनिंग वाईट. मी शास्त्रशुद्ध जातोय. छातीला बांधायचा पट्टा आणलाय, ठोके मोजतो. सोफ्यावर बसून १०४ आले. परत पाठवावा लागणार.

४ जुलै
श्रीरंगकडे पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ नेलेला. श्रीरंग माझा पहिल्या कंपनीपासूनचा मित्र. लुआरबद्दल सगळ्यांना तासभर सांगितलं. सकाळी पोळी नाही, पाव. वाटेत द्राक्षाचे मळे. रस्ता मी खास शुभासाठी सोपा निवडलाय, तेही सांगितलं. त्याच्या बायकोने, अहिल्याने विचारलं, आत्तापर्यंत किती मैल झाले? म्हटलं, साडेआठशे. शुभा म्हणाली, म्हणजे आपले दोघांचे मिळून ना? बरोबर आहे. टीमचा आकडा असाच सांगतात. माझे त्यात सत्तावन्न.

घरी येताना गाडीत शुभा म्हणाली, मला या ट्रिपची खरंच खूप ओढ लागलीय रे, झोपताना नकाशा बघते. मला भरून आलं. म्हटलं, या वेळी नक्की. उद्यापासून रोज दहा मैल.

५ जुलै
ऑफिसात डेमो.

१२ ऑगस्ट
फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसाची फाइल तयार. बँकेचे कागद, इन्शुरन्स, हॉटेलं, मार्करने रंगवलेला रूट. शुभाच्या पासपोर्टचं प्रत्येक पान स्वतः तपासलं. जानेवारीत भावाच्या लग्नाला भारतात गेली तेव्हा मुंबईत अमेरिकेचा शिक्का मारून आली, २००८ पर्यंत चालू. मीही जाणार होतो, पण तेव्हाही नेमकं रिलीज आलं. तिला म्हटलं, तुझं सगळं क्लिअर आहे, काळजी करू नको. ती म्हणाली, तुझा पासपोर्ट बघितलास ना? मी नुसतं बघितलं तिच्याकडे. व्हिसाची उत्तरं सगळ्यांना मीच देतो, हे ती विसरते.

१७ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी ३
सॅन फ्रान्सिस्को, फ्रेंच कॉन्सुलेट. काउंटरवरच्या बाईंनी शुभाची फाइल ठेवून घेतली. माझी उघडली, पासपोर्ट चाळला, पुन्हा चाळला. अमेरिकेचा शिक्का गेल्या नोव्हेंबरमध्ये संपलाय. मी मुदतवाढीचा कागद पुढे केला. त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, सर, यावर तुम्हाला परत येता येणार नाही. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे. मागच्या रांगेतला माणूस हसला.

गाडीत बसल्यावर शुभा म्हणाली, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलाला तू काय लिहिलं होतंस?

१८ ऑगस्ट
सगळीकडे फोन. नव्या शिक्क्यासाठी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटची तारीख जानेवारीची. कॅनडातल्या कॉन्सुलेटची नोव्हेंबरची. श्रीरंगलाही फोन केला. तो म्हणाला, यार, तूच तर सगळ्यांना सांगतोस! मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. तो बरोबर होता.

२० ऑगस्ट, रविवार
शुभाला सांगितलं, पुढच्या वर्षी जाऊ, त्या वेळी व्यवस्थित प्लॅन करू. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या गादीच्या शॉर्ट्सचीही घातली. लेबल अजून लागलेलं होतं. म्हणाली, पद्मिनीताईंशी बोललेय. त्या येतायत. त्यांचा पासपोर्ट अमेरिकन, त्यांना व्हिसा लागत नाही. तुझं तिकीट कॅन्सल कर, त्यांचं मी काढते.

मी विचारलं, त्यांच्या गुडघ्याचं काय? म्हणाली, तो नवीन आहे.

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही.

९ सप्टेंबर
एअरपोर्टवर सोडून आलो. शुभाला एक्सेलची प्रिंट दिली, लॅमिनेट केलेली. कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, हवा कधी तपासायची. तिने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. सिक्युरिटीच्या रांगेतून मागे वळून हात केला. पद्मिनीताईंनीही केला. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

घरी आलो. आता वेळच वेळ आहे. रोज वीस मैल करणार. ती परत येईल तेव्हा मला ओळखणार नाही.

१० सप्टेंबर
पिझ्झा. दुपारी झोप.

१२ सप्टेंबर, मंगळवार
दहा वर्षं झाली आज.

दुपारी शुभाचा फोन आला, तिथे रात्र पडत होती. आज चौतीस मैल झाले म्हणाली. वाटेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दोघींना नासपती दिले. लग्नाचा वाढदिवस म्हणून पद्मिनीताईंनी हॉटेलात मेणबत्ती मागवली. लॅमिनेट केलेली प्रिंट पहिल्याच दिवशी ट्रेनमध्ये राहिली. ती खूप हसत होती. असं हसताना मी तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते आठवत बसलो आणि पुढची दोन वाक्यं चुकलो.

तिने विचारलं, आज सायकल केलीस? मी म्हटलं, अकरा मैल. केली नव्हती. तिला कळलं असावं.

मग मी विचारलं, माझी आठवण येते का गं? म्हणाली, उतार लागला की येते, तेव्हा पायांना काम नसतं.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. निदान उतारावर तरी. रोज किती वेळा येत असेल ते बघावं म्हणून एक्सेल उघडलं, चढ-उताराचा कॉलम काढला. ऑर्लिआँपासून नाँतपर्यंत सगळा रस्ता सपाट आहे. मीच शोधून काढला होता, दोन आठवडे बसून. शुभासाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्यासाठीच होता.