सागवानी खोक्यावरची बरणी

बाबा, एका अन्यायाची दाद मागायला तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुमच्या सुनेने माझ्या स्पीकरवर लोणच्याची बरणी ठेवली आहे. वणीकडचं जुनं सागवान, आत भरलेला पिंजलेला कापूस, आणि माथ्यावर कैरी! विचारलं तर म्हणते, "अहो, एवढं मोठं खोकं काय नुसतं गाण्यासाठीच?"

तुमच्या काळी एक फोनो आणि त्याचा कर्णा, एवढ्यात संगीत भागायचं. आता तबकडी फिरवणारं यंत्र वेगळं, आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर वेगळा आणि स्पीकरचं खोकं वेगळं. सगळं एकाच पेटीत असलेला रेडिओग्राम घेतला असता तर घरात शांतता राहिली असती. पण सुट्या भागांचा आवाज खरा, असं टॉकीजचं यंत्र सांभाळणारे मिस्त्री म्हणाले आणि मी फसलो. एका भागावर जास्त खर्च केला की दुसऱ्यावर काटकसर आलीच. मिस्त्रींचा पक्ष असा की पैसा ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घालावा. "मास्तर, पाया मजबूत पाह्यजे. बारीक सुरासाठी वेगळा स्पीकर कायले? मोठाच पुरते." माझा पक्ष असा की बारीक सुरांना वेगळा छोटा स्पीकर हवाच, तोही उत्तमातला, ट्रान्सफॉर्मर हलका चालेल. मी शिकवतो त्या संस्कृतातल्या नैयायिकांनीसुद्धा घटपटावर इतका खल केला नसेल. अखेर पैसा माझा, म्हणून सिद्धान्तही माझा.

जोडणी झाली त्या दुपारी मिस्त्री खाली मांडी घालून बसले आहेत, तुमची सून दारात उभी आहे आणि मी छोट्या स्पीकरचा आवाज वाढवायची चावी पिळतो आहे. गाणाऱ्या बाईंचा आवाज येतो. मागचा तंबोरा येत नाही. मी आणखी पिळतो. तुमच्या सुनेने दोन्ही कानांवर पदर दाबला. "अहो, बंद करा, सुया टोचताहेत!" मिस्त्री हसले. "मास्तर, चावी आखरीले टेकली. आता काय तोडून राह्यले का?" त्यांनी चावी उलटी फिरवली, अर्ध्याच्याही खाली. दोघांचे चेहरे एकदम निवले. "या अल्ला, तंबोरा पाहा कसा बोलून राह्यला!" मिस्त्री म्हणाले. मी मान डोलावली.

ती मान तुमची होती, बाबा. शेवटच्या वर्षांत आई स्वयंपाकघरातून विचारायची, भात वाढू का, आणि तुम्ही तशीच मान डोलावून म्हणायचात, "छान, छान." आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. पहाटे तुम्ही तंबोरा घेऊन बसायचात, तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावायचात आणि मग डोळे मिटून हनुवटी भोपळ्यावर टेकवायचात. बराच वेळ. पाहुणे हात जोडायचे. मीही ती भक्तीच समजत आलो.

काल तुमची सून देवळात गेली होती. मी रेकॉर्ड लावली, बरणी उतरवून ठेवली आणि गुडघे टेकून खोक्याच्या कडेला जबडा लावला. तंबोरा आला, बाबा. दातांतून, हाडांतून आला, तुमच्या दोऱ्यावरचा तोच झंकार. तोंड उचललं की नाहीसा. बरणीबद्दलची माझी खरी तक्रार एवढीच आहे की ती दर वेळी उतरवावी लागते, आणि जागेवर नीट ठेवली नाही तर तुमच्या सुनेला कळेल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुम्ही तिथे नाही आणि इथे कुणाला सांगायचा धीर नाही. गाण्याचं काही नाही, गाणं खोक्याला चिकटून ऐकता येईल. उद्या वर्गात मुलं उठून श्लोक म्हणतील. त्यांचं चुकलेलं मला ऐकू येणार नाही, आणि मी मान डोलावून "छान" म्हणेन. मला त्याचीच भीती वाटते.